भाराभर चिंध्या

"बोलायचं असेल ते इथेच बोलून घ्या," चाव्यांचा जुडगा कमरेला अडकवलेल्या बाई म्हणाल्या. "एकदा फाटकाच्या आत पाऊल टाकलं की तोंडाला कुलूप."

"मला आत यायचंच नाहीये," टेलरबाई म्हणाल्या. "मुलीला दोन शब्दांचा निरोप द्यायचाय. तुम्ही दिलात तरी चालेल."

"निरोप आत जात नाही."

"अहो, तिचे वडील अंथरुणाला खिळलेत. डॉक्टरांनी हात टेकलेत."

चाव्यांच्या बाईंनी टेबलावरचा कपडा उगाचच सारखा केला. कठोर नव्हत्या त्या. हेच वाक्य त्यांनी आजवर पुष्कळांच्या तोंडून ऐकलेलं असावं, एवढंच. "बाई, इथे येणाऱ्या प्रत्येकाच्या मागे कोणी ना कोणी अंथरुणावर असतंच. तुमची मुलगी लांब मुदतीच्या मौनाला बसली आहे. बसायच्या आधी तिनेच बजावून ठेवलंय, काहीही झालं तरी मला उठवायचं नाही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही म्हणजे काहीही."

टेलरबाई पहाटेच घराबाहेर पडल्या होत्या. दोन बस बदलल्या, शेवटचा चढ धापा टाकत पायी चढल्या, आणि दिवेलागणीच्या आत मुलीला घेऊन घरी पोचायचं असं मनाशी धरून अंगावरच्या कपड्यांनिशी इथवर आल्या होत्या. आता मुलगी त्या समोरच्या भिंतीपलीकडे होती आणि मध्ये ही बाई, हे टेबल.

"नवीन माणसं बसवता का तुम्ही?" त्यांनी एकदम विचारलं.

"उद्या नव्यांचं शिबिर सुरू होतंय. का?"

"मग मला बसवा."

"तुम्ही? पूर्वी कधी बसलाय का कुठे?"

"सगळीकडे बसलेय," टेलरबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

चाव्यांच्या बाईंना हसू आलं. "तेच तर इथे नको असतं. बरं, बसा. पण मुलीला खूण करायची नाही, हाक मारायची नाही, जवळ जाऊन उभंही राहायचं नाही. चौथ्या दिवशी दुपारी बोलायची मुभा मिळते. काय ते तेव्हा बोला."

चौथा दिवस. डॉक्टर महिनाभर म्हणाले होते. महिन्यातून चार दिवस गेले तर काय बिघडतं, असा विचार टेलरबाईंनी केला. फोन ठेवून द्यायच्या आधी त्यांनी नणंदेला लावला. नवऱ्याजवळ तीच बसली होती.

"वन्सं, मला तीन-चार दिवस लागतील."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? सकाळी गेलात ते रात्रीच्या जेवणाला येते म्हणून!"

"ती आहे इथे. तिला घेतल्याशिवाय कशी येऊ? डॉक्टर महिना म्हणालेत ना."

"डॉक्टरांनी सांगितलं तसं वेळेवर मरतं का माणूस?" वन्सं म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "दादा विचारतोय, आली का म्हणून. काय सांगू?"

"येते म्हणावं."

त्यांनी इथला नंबर वन्संना दिला आणि फोन टेबलावर ठेवला.

टेलरबाईंचं दुकान म्हणजे त्यांच्याच इमारतीतली जिन्याखालची जागा. ताठ उभं राहिलं तर डोकं आपटतं, म्हणून गिऱ्हाईकही वाकूनच आत यायचं. "टेलरबाईंपुढे सगळे वाकूनच येतात," असं मिस्त्री म्हणायचे. मिस्त्री म्हणजे त्यांचे यजमान, लिफ्ट दुरुस्त करणारे. नवीन शिवायला टेलरबाईंकडे फारसं कोणी येत नसे. उसवलेलं, आखूड झालेलं, दुसऱ्याचं उतरलेलं अंगाबरोबर करून घ्यायला लोक येत. कपडा देता देता माणसं आपलं दुःखही टेकवून जात आणि जाताना त्यावर आपल्याला सापडलेला उपायही सांगून जात. अमक्या ठिकाणी जाऊन बघा. तमक्यांच्या पायाशी बसून बघा.

थोरला मुलगा आजारी पडला तेव्हा टेलरबाईंना ते सगळे उपाय आठवले. रक्ताचा आजार होता. औषधं चालू होतीच, पण औषधांच्या जोडीला त्यांनी एकही दार सोडलं नाही. कुठे दिवा लावायचा, कुठे मेणबत्ती, कुठे नुसतं कपाळ टेकायचं, कुठे डोळे मिटून एकच अक्षर तोंडात घोळवत राहायचं. तापलेलं पोर खांद्यावर, आणि धाकटी पिशवीचा बंद धरून मागे मागे. मिस्त्रींचा कशावरच विश्वास नव्हता, पण त्यांनी बायकोला कधी अडवलं नाही. "तुझ्या सगळ्या देवांची एकदा सभा घे," म्हणायचे, "आणि एकाला अध्यक्ष कर. म्हणजे मला कोणाशी भांडायचं ते कळेल."

थोरला गेला. दारं मात्र टेलरबाईंकडून सुटली नाहीत. एका ठिकाणी रडायला कोपरा मिळायचा, दुसऱ्या ठिकाणी शेजारची अनोळखी बाई पाठीवर हात ठेवायची. तिसरीकडे नुसतंच गाणं असायचं आणि ते घरी येईपर्यंत कानात राहायचं. त्यांना सगळंच खरं वाटे. खोटं म्हणून बाजूला काय काढायचं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

धाकटीला मिस्त्री 'पाना' म्हणायचे. लहानपणी सुट्टीच्या दिवशी ते तिला कामावर न्यायचे. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना त्यांनी वर न बघता नुसता हात पुढे केला की पोरगी नेमका हवा तोच पाना त्यांच्या हातावर ठेवायची. बोलणं कमी आणि नजर पक्की. मोठी झाली, एका औषधांच्या कारखान्यात लागली, आणि एक दिवस बॅग भरून आईसमोर उभी राहिली.

"मला एकच काहीतरी हवंय, आई. एकच. तुझं म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या."

"टेलरबाईच्या घरी चिंध्या नाही तर काय असणार?" टेलरबाई हसण्यावारी न्यायला गेल्या.

"हसू नकोस. प्रत्येक दारात तू मला सांगायचीस, इथे दादा नक्की बरा होणार. मी दर वेळी खरं मानायचे. एक दार मिटलं की तुझ्याकडे पुढचं तयार असायचं. माझ्याकडे नसायचं."

टेलरबाईंना उत्तर सुचलं ते पोरगी गेल्यावर, मशिनवर बसल्या बसल्या: चिंध्यांचीच गोधडी होते की. पण मग त्यांचा पाय मशिनच्या पायडलवरच थांबला. गोधडी कुठे शिवली होती त्यांनी? चिंध्या नुसत्या साठतच गेल्या होत्या.

त्यानंतर पाना इथेच राहिली, घरी आली नाही. तिचा फोनही पुढे बंद झाला. मिस्त्रींच्या फुप्फुसांनी जन्मभर लिफ्टच्या खड्ड्यांतली धूळ आणि वंगणाचा धूर ओढला होता, त्यांनी आता संप पुकारला. नाकात नळी, उशाशी यंत्र. पडल्या पडल्या ते इमारतीच्या लिफ्टचा आवाज ऐकत. आपल्या मजल्यावर थांबली की डोळे दाराकडे. शेजारच्या घराचं कुलूप उघडल्याचा आवाज आला की पुन्हा मान भिंतीकडे. ते बघवेना, म्हणून टेलरबाई निघाल्या होत्या.

ध्यानाला बसायची खोली लांबरुंद होती. भिंती कोऱ्या, खिडक्या उंचावर. टेलरबाईंना दाराजवळची सगळ्यात मागची जागा मिळाली. पुढे जुन्या बसणाऱ्यांच्या रांगेत त्यांना एक पाठमोरी मान दिसली. केस अगदी बारीक कापलेले, खांदे हडकलेले. तरी त्यांनी ती क्षणात ओळखली. त्या मानेच्या मापाचे किती गळे त्यांनी कापले होते.

शिकवणारे एक वयस्क गृहस्थ होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना सर्दी झाली होती, मधून मधून रुमाल काढत. "नाकाशी श्वास येतो आणि जातो," ते म्हणाले. "तेवढंच बघायचं. दुसरं काही मनात आलं, अगदी देव जरी आला, तरी तो पाहुणा. त्याला दारातूनच परत पाठवायचं."

टेलरबाईंनी मनापासून करून बघितलं. पण त्यांच्या दारात पाहुण्यांची रीघच लागली. एक श्वास बघावा तो कुठल्याशा टेकडीवरच्या एका म्हाताऱ्याने शिकवलेल्या ओळी सुरू व्हायच्या. त्या परत पाठवाव्यात तर मेणबत्तीचा वास. मग एका गिऱ्हाइकाच्या आईने तिच्या शेवटच्या दिवसांत त्यांचा हात धरून म्हणवून घेतलेली प्रार्थना. मग मिस्त्रींची धाप. एवढ्या सगळ्यांना हाकलायचं तर आपल्यात उरणार कोण, हेच त्यांना कळेना. डोळे उघडायचे नव्हते, ते त्यांनी उघडले आणि त्या मानेकडे बघत बसल्या. मग मात्र पाहुणे यायचे थांबले. घंटा वाजेपर्यंत त्यांच्या मनात दुसरं काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खोकून बघितलं. खोटं खोकायचं नाही असा काही नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्यांचा खोकला सगळ्या इमारतीला माहीत होता. पाना लहान असताना जत्रेएवढ्या गर्दीतूनही त्या खोकल्याच्या दिशेने परत यायची. आजूबाजूच्या बायका चुळबुळल्या. एकीने मान वळवून रागाने बघितलं. पुढची ती मान केसभरही हलली नाही.

जेवताना सगळे भिंतीकडे तोंड करून बसत. जेवण झालं की ज्याने त्याने आपलं ताट नळावर धुवायचं. टेलरबाई मुद्दाम रेंगाळल्या आणि मुलीच्या शेजारचा नळ त्यांनी गाठला. इतक्या जवळून बघितलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, पानाच्या डोळ्यांखाली काळं झालंय, हाताची कातडी फुटलीय. दोघींची कोपरं एकमेकींना लागली. पानाने आपलं ताट धुतलं, साबणाची वडी उचलली आणि न बघता शेजारच्या बाईला द्यावी तशी आईच्या हातावर ठेवली. मग ताट पुसत निघून गेली.

टेलरबाईंच्या हातात ती ओली वडी तशीच राहिली. तिचं नाव अगदी जिभेवर आलं होतं. पण त्यांना ते चिंध्यांचं बोलणं आठवलं. आपण नेहमीच मध्ये उठतो, नेहमीच मोडतो, असं तिचं म्हणणं. एकदा तरी, हिच्या जागेत हिच्या नियमाने राहू. चौथ्या दिवशी दुपारी बोलू. जन्मात पहिल्यांदाच त्या एका गोष्टीला धरून बसल्या.

रात्री झोप लागत नव्हती ते वेगळंच. मिस्त्रींच्या यंत्राची घरघर इथे नव्हती आणि तिच्याशिवाय ती शांतता त्यांना सोसत नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी चाव्यांच्या बाईंनी फळ्यावर खडूने लिहिलं. बोलायची मुभा फक्त नव्यांना, आपापसांत. जुन्यांचं मौन चालूच राहील.

टेलरबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नियम विसरून म्हणाल्या, "तुम्ही मला शब्द दिला होतात."

"मुभा सगळ्यांनाच असते असं मी बोलून गेले असेन, चूक झाली," चाव्यांच्या बाई कुजबुजल्या. त्या खरंच ओशाळल्या होत्या. "पण मी काय करू? अण्णांना भेटा."

अण्णा आपल्या खोलीत गरम पाण्याचा वाफारा घेत बसले होते. त्यांनी टेलरबाईंना समोर बसायला सांगितलं आणि मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं. वडिलांचं, यंत्राचं, थोरल्याचंही.

"किती ठिकाणी गेलात मुलासाठी?"

"जिथे दार उघडं दिसलं तिथे."

"काही मिळालं?"

"मिळालं की. सगळीकडे काही ना काही मिळालं. पोरगा तेवढा नाही मिळाला."

अण्णांनी डोक्यावरचा टॉवेल काढला. टेलरबाईंचा आवाज चढला. "मी एकाच ठिकाणी घट्ट बसून राहिले असते, तर वाचला असता का तो? तुम्ही सांगा. तुम्ही एकाच ठिकाणी बसलात ना जन्मभर."

"नाही," अण्णा म्हणाले. "नसता वाचला."

त्यांनी खरं सांगितलं, त्यामुळे टेलरबाईंचं सगळं बळच गेलं. त्या हात जोडून रडायला लागल्या. "मग तिला सांगा ना. तुमचं ऐकेल ती. तुम्ही नुसतं ऊठ म्हटलंत तरी उठेल."

"म्हणूनच सांगत नाही. तिला मी शब्द दिलाय. ती इथे आली तेव्हा एका जागी घटकाभरही बसू शकत नव्हती. कोणी दार वाजवलं तरी दचकायची. आता कुठे..." ते थांबले. सर्दीने की कशाने, त्यांचे डोळे वाहत होते. "मी बरोबर करतोय असं माझं म्हणणं नाही, बाई. शब्द दिलाय, एवढंच."

टेलरबाई उठल्या. बाहेर बसायची घंटा झाली होती. बायका रांगेने आत जात होत्या. त्याही गेल्या, आपल्या जागेवर बसल्या, सगळ्यांबरोबर डोळे मिटले. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. आणि त्या शांततेत एकदम त्यांना वाटलं, आपण हे काय करतोय? तिकडे माणूस एकेका श्वासासाठी झगडतोय, आणि इथे आपण श्वास मोजायला बसलोय.

त्या ताडकन उभ्या राहिल्या.

"पाना!"

त्या कोऱ्या खोलीत तो शब्द विचित्रच वाटला. एका नव्या मुलीला हसू फुटलं.

"पाना, बाबा चाललेत गं! ऐकतेस का? तुझे बाबा चाललेत!"

मान हलली नाही. चाव्यांच्या बाई धावत आल्या, त्यांनी टेलरबाईंचा दंड धरला. "चला बाई, बाहेर चला," त्या हळू आवाजात म्हणत राहिल्या. बाहेरच्या पायरीवर त्यांना बसवून पाणी दिलं, फोन आणून दिला आणि पुन्हा आत गेल्या.

टेलरबाईंना फोन चालू करायचा धीर होईना. पायरीवर ऊन आलं होतं. मागे दार वाजलं. अनवाणी पावलं जवळ आली आणि एक पायरी वर थांबली.

"खोटं नाही ना?" पानाने विचारलं. किती दिवसांनी बोलत होती कोण जाणे, आवाज गंजला होता.

टेलरबाईंनी नुसती मान हलवली.

"कधीपासून?"

"थंडीच्या आधीपासून. यंत्र लावलंय. तुझी वाट बघतात." मग त्यांना राहवलं नाही. "शेजारी उभी होते मी नळावर. साबण दिलास माझ्या हातात. एकदा वर बघितलं असतंस तरी..."

"मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं तुला. चपला काढताना."

"मग?"

पाना खाली बसली. हाताच्या फुटलेल्या कातडीकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, तू हेही करून बघायला आलीस."

टेलरबाईंना आधी कळलंच नाही.

"कोणीतरी गिऱ्हाइकाने सांगितलं असेल, म्हणून आली असेल. नेहमीसारखी. चार दिवस बसेल, मग पुढचं दार. मला इतका राग आला, आई. म्हटलं, ही एवढी एक जागा माझी होती. चार दिवस मी श्वास कुठला बघतेय? तुझ्यावर चिडत बसले होते." ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "तू बोलली का नाहीस? जन्मात कधी कुठला नियम पाळला नाहीस, आणि नेमका हाच पाळलास?"

"तुझ्यासाठीच पाळला गं," टेलरबाई म्हणाल्या.

फोन पानानेच चालू केला आणि घरी लावला. पलीकडून वन्संचा आवाज पायरीवरही ऐकू आला. "अहो, केव्हापासून त्या नंबरवर लावतेय, कोणी उचलेल तर शपथ! दादाने पहाटेपासून डोळे उघडले नाहीत. श्वास आहे, पण... या लवकर."

"वन्सं, पाना आहे इथे. फोन त्यांच्या कानाशी धरा. ती बोलतेय." टेलरबाईंनी फोन मुलीच्या तोंडाशी नेला. "बोल. बोल ना. ऐकू येतं त्यांना."

पानाने तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द मात्र येईना. फोनमध्ये गेला तो नुसता श्वास, आत आणि बाहेर. तिकडून यंत्राची घरघर ऐकू येत होती. मग तीही बंद झाली. फोन कट झाला होता.

"बसमध्ये बसू आधी," टेलरबाई म्हणाल्या.

चाव्यांच्या बाईंनी पानासाठी कुणाच्या तरी चपला आणून दिल्या. पहिली बस लगेच मिळाली, दुसरी मिळेना. थांब्यावर टेलरबाई बसायच्या, उठायच्या, रस्त्याच्या मध्ये जाऊन बघून यायच्या. तोंडाने अखंड पुटपुटणं चालू होतं. इकडच्या दोन ओळी, तिकडची एक, कुठलं तरी अक्षर. मध्येच विसरायच्या आणि दुसरंच काही धरायच्या. पाना बाकावर ताठ बसून होती. डोळे मिटलेले, पण पापण्या थरथरत होत्या. बस आली तेव्हा दोघी एकदमच दाराशी धावल्या आणि एकमेकींवर आदळल्या.

घराचं दार उघडंच होतं. वन्सं खुर्ची दाराकडे फिरवून बसल्या होत्या. दोघींना बघून त्या उठल्या नाहीत.

"तासभर झाला," त्या म्हणाल्या.

यंत्र बंद केलेलं होतं. मिस्त्रींच्या नाकातली नळी कोणीतरी काढली होती आणि तिचा वळ गालावर राहिला होता. पाना पलंगाशी जाऊन उभी राहिली.

"मी फोन धरला होता कानाशी," वन्सं म्हणाल्या. "पण काही आवाजच येईना. मला वाटलं, लाइन गेली. मग ठेवला मी." त्यांनी पानाकडे बघितलं. "तू होतीस का गं तेव्हा?"

पाना पलंगाजवळ जमिनीवर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, आणि तिने डोळे मिटले. टेलरबाई बघत राहिल्या. थोड्याच वेळात तिची पाठ वाकली. पुन्हा ताठ झाली, पुन्हा वाकली. तिने डोळे उघडले.

"आई, तू म्हण ना काहीतरी."

"काय म्हणू?"

"काहीही. तुला इतकं येतं. इतक्या ठिकाणी गेलीस." ती लहान मुलीसारखी बोलत होती. "कुठलंही चालेल मला. त्यांच्यासाठी म्हण."

टेलरबाई नवऱ्याच्या पायाशी बसल्या, डोळे मिटले. वाटभर ज्यांची गर्दी होती, थांब्यावर जे सगळे एकदम धावून आले होते, त्यातलं कोणीच आलं नाही. टेकडी नाही, मेणबत्ती नाही, ते एक अक्षरही नाही. त्या जिभेवर चाचपत राहिल्या. एवढी सगळी दारं, आणि आत कोणीच नव्हतं.

"काही आठवत नाहीये गं," त्या म्हणाल्या. "खरंच काही आठवत नाहीये."

मग वन्संनी नाक पुसलं, कपाटातून करडा शर्ट काढून आणला. "हा घालायचा ना? न्यायच्या गाडीवाल्यांना कळवलंय. येतील एवढ्यात."

तिघींनी मिळून मिस्त्रींना तो शर्ट घातला. टेलरबाईंनीच शिवलेला होता, ते धडधाकट असताना, अगदी मापात. आता तो खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. खांदे दंडावर उतरले होते, गळ्यात मूठभर मोकळं राहत होतं.

"असे नाही जायचे ते," टेलरबाई म्हणाल्या. "ढगळ कपडा त्यांना कधी खपला नाही."

त्यांनी सुई आणली, दोरा आणला. नाकाजवळ धरून ओवायला गेल्या, पण दोरा भोकातून जाईना. पानाने त्यांच्या हातातून सुई घेतली, खिडकीकडे धरली आणि दोरा ओवून परत दिला.

टेलरबाईंनी शर्टाची एक कड दोन बोटांत चिमटीत धरून आत मुडपली आणि हाताने टाके घालायला सुरुवात केली. बारीक, एकासारखा एक. पानाने वडिलांचा हात अलगद उचलून धरला, म्हणजे काखेखालून सुई जाईल. हात जड होता. तिने तो दोन्ही हातांनी धरला. डावी बाजू झाली, गळा झाला, उजवी बाजू झाली, एक बाही झाली. मिस्त्री हळूहळू पुन्हा आपल्या शर्टात दिसायला लागले.

जिन्यात पावलं वाजली. वन्संनी दारातून डोकावून बघितलं.

"वहिनी, माणसं आली हो वर."

"थांबा म्हणावं त्यांना," टेलरबाई मान वर न करता म्हणाल्या. "अजून एक बाही राहिलीय."